पट्टी असली तरी

१२ जानेवारी, सोमवार

काल सकाळी बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया सुटला. तीस वर्षं मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली आहे, तो वास मला झोपेतही ओळखू येईल. खिडक्या लावल्या, टॉवेल भिजवले आणि यांना म्हटलं, चला. बाहेर येऊन बघते तर निम्मी गल्ली कारखान्याच्याच दिशेने पळत होती. का, तर मोठा रस्ता तिकडे आहे. शाळेकडे चला, शाळेकडे चला, असं ओरडून मी घसा बसवून घेतला. गळती छोटी होती, दहा मिनिटांत थांबली. म्हणून आज हे लिहायला मी आहे आणि वाचायला कुणीतरी असेल.

खरी गोष्ट नंतर कळली. मोटार रिवाइंडिंगवाल्या दोन भावांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. थोरल्याला वाटलं धाकट्याने उचललं, धाकट्याला वाटलं थोरल्याने. वीस मिनिटं ती घरात एकटी होती. आम्ही सगळे धावत आत गेलो तेव्हा तिने कुणाला जाब विचारला नाही, फक्त प्यायला पाणी मागितलं. तिचं ते पाणी मागणं माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचे हे मात्र त्या गडबडीत पलंगावर बसून बुटाची नाडी बांधत होते. एका नाडीला माणसाने किती वेळ घ्यावा? शेवटी चिडून मीच बांधली. निवृत्त झाल्यापासून फार सुस्तावलेत.

१५ जानेवारी, गुरुवार

आमच्या पुढच्या खोलीत पहिली बैठक झाली. बावीस घरांपैकी एकोणीस आली. बैठकीला माणसं जमवणं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. तीन जणांनी आधी चहा आहे का ते विचारून घेतलं.

बंबवाले साहेब येऊन अर्धा तास बोलून गेले. ओला कपडा नाकातोंडाला, वाऱ्याकडे लक्ष, आणि कुणीही एकटं कुणाला शोधत हिंडायचं नाही. मग आम्ही आमचे नियम केले. समोरासमोरच्या दोन घरांची जोडी. शिट्टी झाली की आधी जोडीचं घर बघायचं, मग शाळेच्या मैदानावर जायचं. शिट्टी कर्नलकडे. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, विमा कंपनीत होते, पण मिशीमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. यादी माझ्याकडे. मैदानावर हजेरी मी घ्यायची.

आणि पट्टी. घर रिकामं झालं की शेवटच्या माणसाने दाराच्या कडीला पिवळी पट्टी बांधायची. पट्टी दिसली की त्या दाराशी कुणी थांबायचं नाही. पट्ट्या टेलरबाई देणार, त्यांच्याकडे पिवळ्या अस्तराचा अख्खा तागा पडून आहे.

आमची जोडी नेमकी टेलरबाईंशी. समोरच राहतात, इलाज नाही. गल्लीच्या टोकाची ही दोन घरं, कारखान्याला सगळ्यात जवळची. बाई वाईट नाहीत, पण त्यांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय आहे. मशीन चालवताना नजर सुईवर कमी आणि आमच्या दारावर जास्त. घरात त्या आणि त्यांची बहिरी सासू, दोघीच.

एक अडचण आली. कुणाला कसली मदत लागेल हे लोक चारचौघांत सांगेनात. कुणाला दम्याचं लपवायचं आहे, कुणाला फिट्सचं. मग मला परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आठवल्या. प्रत्येक घराने आपली माहिती कागदावर लिहायची, पाकिटात घालून लाखेने बंद करायची आणि जोडीच्या घरात ठेवायला द्यायची. शिट्टी झाली तरच पाकीट फोडायचं. सगळ्यांना पटलं. माझ्यासारखी बाई शाळेने लवकर निवृत्त केली, असं कर्नल म्हणाले. मी नको नको म्हटलं, पण बरं वाटलं.

१९ जानेवारी, सोमवार

यांनी गल्लीचा नकाशा काढला. चाळीस वर्षं नगररचना खात्यात आरेखक होते, हात अजून तसाच आहे. रेघ मारली की पट्टीने मारल्यासारखी, आणि अक्षर तर छापल्यासारखं, सरळ उभं. सगळे बघत राहिले.

फक्त अठरा नंबरच्या शेजारी पिठाची गिरणी काढली. ती पाडून आठ वर्षं झाली. तिथे आता गाड्या धुतात. मी म्हटलं, अहो, गिरणी कुठे आहे आता? तर नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हो, खरंच." मग रबराने पुसली. जुना नकाशा समोर ठेवून काढला असणार. चष्म्याचा नंबरही वाढला आहे, दाखवून आणायला हवं.

लेकीचा फोन आला होता. बाबा कसे आहेत, असं तिने दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, मजेत.

२२ जानेवारी, गुरुवार

पाकिटांचा दिवस. गल्लीभर लाखेचा वास. आमचा कागद मी लिहिला: माणसं दोन, मला रक्तदाबाची गोळी, बाकी मदतीची गरज नाही. लाखेचं काम यांच्यावर सोपवून मी इतरांची पाकिटं बघायला गेले, कारण रिवाइंडिंगवाल्यांनी लाखेऐवजी एम-सील लावलं होतं.

परत आले तरी यांचं आपलं चाललेलंच होतं. टेबलावर लाख सांडलेली, कागदाचे कपटे टोपलीत. पाकीट मात्र सुरेख बंद केलं होतं. द्यायला मीच जातो, म्हणाले. समोरच्या दारी जाऊन यायला माणसाला अर्धा तास लागला. टेलरबाईंनी बोलत बसवलं असणार, दुसरं काय.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिली रंगीत तालीम. चौदा मिनिटांत एकाहत्तर माणसं मैदानावर. रिवाइंडिंगवाल्यांच्या आईला चौघांनी खुर्चीसकट आणलं, ती सगळा वेळ हसत होती. यांनी पट्टी इतकी नीट बांधली की कर्नलनी सगळ्यांना ती गाठ दाखवली.

एक कुरबुर झाली. टेलरबाई म्हणाल्या, "बाई, पट्टी दिसली तरी एकदा हाक मारायला काय हरकत आहे?" मी शांतपणे समजावलं, की प्रत्येक दारात एक मिनिट घालवलं तर बावीस मिनिटं होतात, आणि त्या बावीस मिनिटांत माणूस मरतो. पट्टी म्हणजे घर रिकामं. त्यात शंका घ्यायची असेल तर पट्टी बांधायचीच कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. टेलरबाई गप्प बसल्या, पण त्यांचं तोंड काही गप्प बसल्यासारखं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भाजी घेऊन आले तर दाराला पिवळी पट्टी आणि हे आत पेपर वाचत बसलेले. हे काय, विचारलं तर म्हणाले, "सराव." या आठवड्यातली ही चौथी खेप. एकदा तर मी स्वयंपाकघरात असताना बांधली होती. उत्साह दांडगा, पण उत्साहालाही काही धरबंध हवा. मी पट्टी सोडून वर खुंटीला टांगली.

टेलरबाईंनी समोरून बघितलंच. रस्ता ओलांडून आल्या आणि हळूच म्हणाल्या, की काकांची पट्टी हल्ली रोज दिसते. मग म्हणाल्या, परवा ते माझ्या दुकानात येऊन बसले होते, मुलीचा शाळेचा गणवेश झाला का विचारत होते. आमच्या मुलीला शाळा सोडून बावीस वर्षं झाली. मी म्हटलं, गंमत करतात ते, तुम्ही तुमच्या शिलाईकडे लक्ष द्या. जरा जास्तच तोडून बोलले. पण कुणी सांगितल्यात या चौकशा?

मग डोक्यात आलं की हिने आमचं पाकीट तर फोडलं नसेल? तडक गेले आणि दाखवा म्हटलं. मशीनच्या वर खिळ्याला अडकवलेलं होतं. लाख जशीच्या तशी, एक तडा नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि वाटली म्हणून आणखी राग आला. त्यात आहे तरी काय बघण्यासारखं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे सकाळी पेपर आणायला गेले ते पावणेदोन तासांनी आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या स्कूटरवरून आले. बस डेपोपाशी उभे होते म्हणे. मेकॅनिकने काही सांगायला तोंड उघडलं, मी आभार मानून दार लावलं.

जेवताना यांनी विचारलं, "तू रागावलीस का?" मी म्हटलं, छे. भाजी करपली होती. आज आणखी काही लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

यादीत एक रकाना आहे: घरात मदत लागणारी व्यक्ती. कसली मदत ते पाकिटात, इथे नुसती खूण; सात घरांपुढे ती आहे. आज ती यादी स्वच्छ कागदावर उतरवून काढली. आमच्या नंबरापाशी पेन थोडं अडखळलं. मग पुढच्या ओळीवर गेले. उद्या यांचे डोळे तपासून आणायचे.

२५ फेब्रुवारी, बुधवार, हॉस्पिटलचा बाक

सगळं क्रमाने लिहून काढते, नाहीतर डोकं ताळ्यावर राहणार नाही.

काल सकाळी अकराला मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, एकवीस नंबरात होते. तिथे नवं बिऱ्हाड आलं आहे, त्यांना नियम समजावत होते. हे घरी होते. पट्टीच्या नियमापर्यंत आले आणि शिट्टी झाली. वास त्याच्या आधीच आला होता, पण मी बोलण्यात होते.

या वेळी गळती छोटी नव्हती. कारखान्याच्या भिंतीवरून पांढरं धुकं गल्लीत उतरत होतं आणि ते आमच्याच टोकाला होतं. मी घराकडे चार पावलं टाकली. माणसं समोरून येत होती, ओले टॉवेल तोंडाला, जोडीने, न ढकलता, शिकवल्यासारखी. लांबून मला आमचं दार दिसलं. कडीला पिवळी पट्टी होती.

माझ्या जिवात जीव आला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण ते खरं आहे. आपला माणूस बाहेर पडला असं वाटून मी वळले आणि यादी घेऊन मैदानावर गेले.

हजेरी घ्यायला लागले. घरामागून घर, खुणा होत गेल्या. आमचा नंबर पहिला, त्यापुढे मी सगळ्यात आधी खूण केली होती. यांना डोळ्यांनी न बघता केली. गर्दीत असतील मागे कुठेतरी, असं धरून चालले.

शेवटी मोजणी केली तर दोन कमी. टेलरबाई दिसत नव्हत्या. त्यांची सासू कर्नलचा हात धरून उभी होती. माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही लिहिते: मशीन आणायला गेली असणार भवानी. मी सासूच्या कानाशी जाऊन ओरडले, सून कुठे आहे? म्हातारी म्हणाली, "मला यांच्या हाती दिलं न्‌ ती पाकीट फाडत होती."

कुठलं पाकीट, असं मी विचारणार होते. मग मी मैदानावर नजर फिरवली. एकेक तोंड बघितलं. परत बघितलं.

मी पळाले. कर्नलनी फाटकात मला दंडाला धरलं. म्हणाले, "बाई, मी स्वतः तुमच्या दारावरून आलो. पट्टी होती. पट्टी म्हणजे घर रिकामं." माझंच वाक्य, माझ्याच ठसक्यात. मी त्यांच्या हाताला चावले. ते सोडेनात. एकटं कुणी परत जायचं नाही हाही नियमच होता, आणि तोही मीच वाचून दाखवला होता.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. कर्नल सात मिनिटं म्हणतात. बंबाचा आवाज आला आणि त्याच वेळी धुक्यातून दोघं येताना दिसले. टेलरबाईंनी यांना कमरेला धरलं होतं. यांच्या तोंडावर दोन ओले टॉवेल, एकावर एक. टेलरबाईंच्या तोंडावर काहीच नव्हतं. यांच्या एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसरी लोंबत होती.

पट्टी बांधून हे परत आत गेले होते. आतल्या खोलीत पलंगावर बसून बूट घालत होते.

यांना आज सकाळी साध्या वॉर्डात हलवलं. डोळे लाल आहेत, खोकतात, पण बोलतात. टेलरबाई अजून अतिदक्षता विभागात आहेत. नळीने प्राणवायू चालू आहे. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही. त्यांची सासू माझ्या शेजारी बाकावर बसली आहे. जोडीचं घर म्हणून तिला बाहेर काढायचं काम माझं होतं. तिने आपल्या डब्यातली पोळी अर्धी करून मला दिली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेलरबाई शुद्धीवर आहेत. धोका टळला, असं डॉक्टर आज स्वतः म्हणाले. मी तिथेच जमिनीवर बसले.

पाच मिनिटं भेटू दिलं. मी म्हटलं, "पट्टी होती ना गं दाराला, तरी कशी गेलीस?" इतकी वर्षं अहो-जाहो चाललं होतं, तोंडातून हेच निघालं. तिला बोलायची मनाई आहे. तिने उशीखाली हात घालून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आमचंच. लाख मधोमध तुटलेली.

आत माझा कागद नव्हता. दुसरा होता. अक्षर छापल्यासारखं, सरळ उभं. जसं आहे तसं उतरवते:

"या घरात माणसं दोन. त्यांपैकी मला अलीकडे विसरायला होतं. शिट्टी झाल्यावर काय करायचं ते मला आठवेलच असं नाही. दाराला पट्टी असली तरी कृपया आत येऊन बघावं. माझ्या पत्नीस सांगू नये. तिच्या ते लक्षात आलं आहे, पण ती स्वतःला सांगत नाही. तिला फार लागेल."

खाली तारीख, बावीस जानेवारी. टोपलीतले कपटे माझ्या कागदाचे होते.

मी तिच्या खाटेशी उभी राहून रडले. इतकी की नर्सने मला बाहेर काढलं.

२ मार्च, सोमवार

घरी आलो. टेलरबाई परवा येईल. तोवर तिची सासू आमच्याकडे आहे आणि माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीत मीठ कमी आहे, असं मोठ्याने सांगते.

सकाळी लेकीला फोन केला. बाबांचं सगळं सांगितलं, गिरणीपासून बस डेपोपर्यंत. ती म्हणाली, आई, मला गेल्या वर्षीच वाटलं होतं. सगळ्यांना वाटलं होतं. डोळ्यांच्या नाही, दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. गुरुवारी जायचं.

दुपारी कर्नल आले होते, हाताला पट्टी बांधून. मी माफी मागितली. ते म्हणाले, सैन्यात असं चालतंच. नवा नियम आम्ही दोघांनी मिळून लिहिला: पट्टी असली तरी हाक मारायची, आणि डोळ्यांनी माणूस बघितल्याशिवाय यादीत खूण करायची नाही. मग यादी काढली. पहिल्या नंबरापुढच्या रकान्यात मी खूण केली.

यादी, नकाशा, पाकीट असं सगळं टेबलावर पसरलेलं होतं. हे येऊन बसले. तो कागद उचलला, चष्मा वर सरकवला आणि सावकाश शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "कुणाचं गं?"

मी म्हटलं, आपल्या गल्लीतल्याच एका गृहस्थांचं.

त्यांनी कागद नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "या माणसाकडे कुणीतरी जायला पाहिजे. पट्टी असली तरी."

"मी जाते," मी म्हटलं.